ओतणाऱ्याचा पहिला घोट

“पापा, आज पळालात ना, तर उरलेला पाय मी माझ्या हातानं मोडीन,” सकाळी त्यांनी डोळे उघडल्या उघडल्या मी बजावून ठेवलं.

पापा सुजलेला पाय उशीवर ठेवून छताकडे बघत पडून राहिले. बोलतील कुठल्या तोंडानं? गेल्या महिन्यात, ऐन ऑपरेशनच्या दिवशी, हा माणूस बगलेत कुबडी मारून याच वॉर्डाच्या मागच्या दारानं सटकला होता. मी आख्खं हॉस्पिटल पालथं घातलं. सापडला कुठे, तर मोटारींच्या अड्ड्यावर, केळीच्या पानातला गरम ओक्पा खात! समोर त्या पिवळ्याधमक वड्या, आणि साहेब बोटं चाटतायत. ऑपरेशनला उपाशीपोटी जायचं असतं. पोट भरलं आणि ऑपरेशन बोंबललं.

एनुगू शहराहून हाडांच्या डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदाच आमच्याकडे येतात. ओक्पारा मॅडम. त्या दिवशी त्यांनी पापांची जखम उघडून बघितली, वास घेतला आणि मला बाजूला नेलं. “पुढच्या खेपेला हाड बसवते. तेव्हाही पळाला, तर त्यानंतर बसवायला काही राहणार नाही. गुडघ्याच्या वरून पाय काढावा लागेल.”

ती पुढची खेप म्हणजे आज. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

माझा बाप ताडी काढतो. कमरेला दोर, खांद्याला भोपळा, आणि झपझप वर. आमच्या गावात जन्म असो, लग्न असो, कुणाचं मरण असो, ताडी अनोझिएचीच, म्हणजे माझ्या बापाचीच. दोर तुटून खाली आले तेव्हा हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, पाला लावला. हाड काही जुळलं नाही, जखम मात्र चिघळली. दोन पाय असले तर निदान झाडाखाली उभं राहून पोरांना शिव्या घालता येतील. एक पाय गेला तर हा माणूस अंगणात बसून झाडांकडे बघत बघत मरेल. मला माझा बाप ठाऊक आहे.

आता भानगड अशी होती. आमच्या वॉर्डात केनेचुकू नावाचे एक तरुण डॉक्टर होते. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करायचं, हे त्यांचं काम. माणूस जागाच राहतो. आता आपण जागे आणि खाली आपल्याला कापतायत म्हटल्यावर कोण घाबरणार नाही? म्हणून सुईच्या आधी ते एक गोड औषध पाजायचे. भीती कमी होते, डोळे जड होतात. पण औषधं होती दोन, आणि त्यातलं चांगलं कुठलं यावर डॉक्टरांची मोठी परीक्षा अडकलेली. दोन्ही एकसारख्या पाकात कालवलेली. एका बाटलीला लाल झाकण, एकीला निळं. कुठल्या बाटलीत कुठलं, ते फक्त औषधांच्या खोलीतल्या माणसाला माहीत. खुद्द डॉक्टरांनाही नाही. त्यांना कळलं तर म्हणे त्यांचं मन एका बाजूला झुकेल.

वॉर्डाचं मन मात्र कधीच झुकलं होतं. ट्रक ड्रायव्हर ओसोंडू निळं पिऊन गेला होता. तो छातीवर हात मारून सांगायचा, “निळं म्हणजे निळं! मी स्टिअरिंगवर झोपल्यासारखा झोपलो.”

“तू स्टिअरिंगवर झोपतोस, म्हणूनच इथे आलास,” पलीकडून मास्तर इलोंझे म्हणायचे. ते पेन्शनीतले शिक्षक, लालवाले. “लाल घेतलं की माणूस झोपत नाही, पण मन कसं निवांत होतं. सुई टोचली तेव्हा मी डॉक्टरांना पाढे म्हणून दाखवत होतो.”

“त्याला निवांत म्हणत नाहीत मास्तर, चळ लागणं म्हणतात!”

डॉक्टर बिचारे दर माणसाला विचारत फिरायचे, भीती किती वाटली, शून्य ते दहात सांगा. सगळे पाचच सांगायचे. जास्त सांगितलं तर भित्रा ठरू, कमी सांगितलं तर बढाई वाटेल. डॉक्टर डोकं धरून बसायचे.

या सगळ्या गप्पा पापा कान देऊन ऐकायचे. एक दिवस त्यांनी डॉक्टरांना विचारलं, “मला कुठलं देणार?”

“चिठ्ठीत निघेल ते, पापा.”

“आणि त्यात काय आहे?”

“ते मलाही माहीत नाही. तीच तर गंमत आहे.”

झालं! डॉक्टर गेले, आणि पापा उठून बसले. “ऐकलंस उझो? ओतणाऱ्यालाच ठाऊक नाही काय ओततोय! मी डोळे बांधून घोट घेतला तरी सांगतो, ही ताडी सकाळची का संध्याकाळची, ओढ्याकाठच्या झाडाची का टेकडीवरच्या. आणि हा म्हणतो, गंमत आहे!”

“ते शिकलेले आहेत पापा.”

“शिकलेल्यांनीच तुझ्या आईला पाजलं होतं.”

आई गेली तेव्हा मी एवढीशी होते. माझा धाकटा भाऊ पोटात आडवा आला होता. दुसऱ्याच एका हॉस्पिटलात नेलं, नर्सनं कपातून काहीतरी पाजलं, आत नेलं, कमरेत सुई दिली. पुढे रक्त थांबेना. दोघंही गेली. ती रक्तानं गेली, कपातल्या औषधानं नाही. मोठी झाल्यावर मी चार जणांना विचारून खात्री करून घेतली आहे. पण पापांच्या डोक्यात तो कप जो बसला तो बसलाच. कारण आमच्यात ताडी ओततो तो पहिला घोट घेतो. पाहुण्यासमोर, सगळ्यांच्या देखत. यात काही वाईट नाही, असलं तर आधी मला होऊ दे, असा त्याचा अर्थ. पापांनी जन्मभर स्वतः चाखल्याशिवाय कुणाच्या हातात पेला दिलेला नाही. आणि स्वतःच्या बायकोला मात्र कुणीही न चाखलेला कप पिऊ दिला. तसं ते तोंडानं कधी म्हणाले नाहीत. पण मी त्यांच्याच पोटची आहे.

काल संध्याकाळी मी त्यांच्या खूप मागे लागले. रडले, चिडले, भांडले. शेवटी म्हणाले, “बरं. जातो. पण तू दाराबाहेर बसून बोलत राहायचं. मोठ्यानं. तुझा आवाज येत असेल तोवर मी हलणार नाही. आवाज थांबला, की मी उठून बाहेर येणार. पाय कापलेला असो का अर्धा शिवलेला.”

“तासभर काय बोलू मी?”

“तुला कधी विषय कमी पडलाय का?”

मी वचन दिलं. त्यात काय एवढं, मला वाटलं. बडबड करायची, आणि ती तर मी फुकटातही करते.

तर सकाळी डॉक्टर केनेचुकू आले. बरोबर सिस्टर फिलोमिना. ट्रेवर निळ्या झाकणाची बाटली आणि प्लास्टिकचा छोटा कप. ओसोंडूनं पलंगावरूनच टाळी वाजवली. सिस्टरनं कपात औषध मोजून ओतलं आणि पापांच्या तोंडापुढे धरलं.

“आधी तुम्ही,” पापा म्हणाले.

सिस्टर हसली. “मी कशाला पापा? माझं काय ऑपरेशन आहे?”

“तुम्ही ओतलंत. तुम्ही प्या.”

“ड्यूटीवर आहे मी!”

पापांनी मान डॉक्टरांकडे वळवली. “मग तुम्ही.”

“पापा, मी हे प्यालो तर सुई कोण देणार? हात थरथरेल माझा.”

“बघा!” पापांनी सगळ्या वॉर्डाला साक्षीला धरलं. “याला प्यायचं नाही, कारण हात थरथरतो. आणि मला पाजतोय!”

मास्तर इलोंझे म्हणाले, “मुद्दा बिनतोड आहे.”

“मास्तर, तुम्ही गप्प बसा!” मी ओरडले. मग पापांकडे वळले. “पापा, प्या. माझ्यासाठी प्या. मॅडम येऊन बसल्यात आत.”

पापांनी तोंड मिटलं. मिटलं म्हणजे कुलूपच. डॉक्टर समजावत होते, औषध न घेताही सुई देता येईल, पण तुम्ही घाबरून हललात तर सुई कुठे जाईल सांगता येत नाही. पापांच्या कपाळावर घामाचे थेंब उभे होते. एक हात हळूहळू कुबडीकडे सरकत होता. मी तो हात बघितला. हे आता पळणार. या अशा पायानं पळणार, आणि मग पुढच्या खेपेला करवत.

तेवढ्यात कॉरिडॉरमधून मॅडमचा आवाज आला. “तो ताडीवाला आणताय की मी दुसऱ्याला घेऊ?”

मी सिस्टरच्या हातातून कप हिसकावला.

“तू नाही,” पापा म्हणाले. “तू ओतलेलं नाहीस.”

“थांबा जरा.” त्यांच्या उशाखालच्या थैलीत त्यांचा चाखायचा पेला होता, लहानशा भोपळ्याचा, वापरून वापरून काळा झालेला. तो कुठेही गेले तरी बरोबर असतो. मी तो काढला, अंगावरच्या कापडानं पुसला आणि प्लास्टिकच्या कपातलं औषध त्यात ओतलं. “आता कुणी ओतलं? मी ओतलं. दिसलं सगळ्यांना?”

“दिसलं,” ओसोंडू म्हणाला.

“नाही, नाही, नाही!” डॉक्टर पुढे धावले. “ते अभ्यासाचं औषध आहे, ते फक्त पेशंटनं—”

मी घोट घेतला. चव म्हणाल तर संत्र्याच्या गोळीसारखी, मागून कडू. घोट कसला, घाईत निम्मं पोटात गेलं. पेला खाली घेतला आणि बापाच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी राहिले.

पापा माझ्याकडे बघत राहिले. पाहुण्यानं थांबायचं असतं तसं थोडं थांबले. मग दोन्ही हातांनी पेला घेतला आणि उरलेलं शांतपणे पिऊन टाकलं. पेला उलटा करून शेवटचा थेंब जमिनीवर सांडला, वाडवडिलांसाठी. आणि गंमत बघा, त्याच क्षणी त्यांचा हात कुबडीवरून सुटला. औषध अजून घशातच असेल.

“माझा आकडा गेला!” डॉक्टर केनेचुकू अक्षरशः कळवळले. “निम्मा डोस! आता याला अभ्यासात धरताच येणार नाही!”

मॅडम दारात येऊन उभ्या होत्या. “तुमचा आकडा नंतर जोडून देते. आधी माणूस आणा.”

पापांना चाकांच्या खाटेवरून आत नेलं. दार बंद झालं. दाराच्या वर जुन्या पद्धतीची जाळीची खिडकी आहे, तिच्यातून आवाज जातो. मी खालच्या बाकावर बसले आणि सुरू झाले.

“पापा, मी इथे आहे. ऐकू येतंय का? वीज गेली वाटतं, जनरेटर लागलाय, मी ओरडते! तो शेजारचा न्वोसू तुमच्या झाडांवर चढतोय म्हणे!”

आतून आवाज आला, “कुठल्या झाडावर?”

“पापा, हलू नका!” हे डॉक्टर. “वाका, असेच राहा.”

“टेकडीवरच्या! आणि त्याच्याकडे धारेची सुरी तरी आहे का? बोथट सुरीनं कापतो झाडाला, मेला! तुम्ही बरे व्हा आणि त्याला असा धरा…” मी वाट्टेल ते बोलत सुटले. गावात कुणाची शेळी व्याली, चर्चमध्ये कुणाचा टोप उडाला, मावशीच्या सुनेला स्वयंपाक कसा येत नाही. आतून भांड्यांचा खणखणाट येत होता. पापांचं उत्तर येईनासं झालं. सुई लागली असेल, मी मनाशी म्हटलं. नीट लागली असेल ना?

आणि मग माझ्या लक्षात आलं की मावशीच्या सुनेचं मी दुसऱ्यांदा सांगतेय.

जीभ जाड झाली होती. बाकाखालची फरशी मऊ लागत होती. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही, आणि त्यात ते निळं झाकण. अरे देवा! घोट घेताना मला एवढी साधी गोष्ट सुचू नये? जे पिऊन माणूस झोपतो ते मी प्याले होते, आणि झोपायचं नव्हतं ते मलाच.

मी उभी राहिले. गालावर चापट्या मारल्या. येरझारा घातल्या. “पापा, मी आहे हं. मी चालतेय. तुम्हाला आठवतं, मी लहान असताना तुमच्या भोपळ्यातली ताडी चोरून प्यायले होते…” भिंतीला टेकले. दंडाला चिमटे काढले, इतके की निळे डाग उठले. प्रार्थना म्हणायला लागले, तर आमेनच्या आधीच शब्द संपले. डोळ्यांपुढे तो पाय येत होता, गुडघ्यावरून गेलेला. आवाज थांबला की मी उठणार, ते म्हणाले होते. ते बोलल्याप्रमाणे वागणारे आहेत, हीच तर पंचाईत. मी खिडकीकडे तोंड करून ओरडले, “मी आहे!” की फक्त मनात ओरडले, कोण जाणे. तेवढ्यात वीज आली, जनरेटर बंद पडला आणि सगळीकडे एकदम शांत झालं.

त्या शांततेचं मला एवढंच आठवतं की ती फार छान होती.

कुणीतरी खांदा हलवत होतं. सिस्टर फिलोमिना. मी बाकावर आडवी पडले होते, तोंडातून लाळ, डोक्याला बांधलेलं कापड सुटून जमिनीवर. दार उघडं होतं. आतली मोठी बत्ती विझलेली.

“पापा!” मी किंचाळून उठले. सिस्टरनं धरलं नसतं तर तोंडावरच पडले असते. “पळाले? कुठे गेले? माझा आवाज थांबला, सिस्टर, मी झोपले, मी मेली झोपले!”

“अगं, इकडे बघ.”

चाकांची खाट माझ्या मागेच होती. पापा तिच्यावर. पायाला गुडघ्याखाली पांढरं शुभ्र बँडेज, आणि बँडेजच्या टोकाला बोटं. पाची. मी ती एक एक करून चाचपली. त्यांना काही कळत नव्हतं, खालचं अंग अजून बधिर होतं. पण डोळे सताड उघडे. लाल झालेले. झोपेचा मागमूस नाही.

ओक्पारा मॅडम हातमोजे काढत बाहेर आल्या. “हाड बसलं. आणि काय गं, घरीही अशीच घोरतेस का? मी आत म्हटलं, बाहेर कुणी करवत चालवतंय का?”

डॉक्टर केनेचुकू मागे होते. माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांची बाटलीच चोरली होती. तरी न राहवून त्यांनी विचारलंच, “झोप लागायच्या आधी भीती किती होती? शून्य ते दहा?”

“बारा,” मी म्हटलं. पहिल्यांदाच त्यांना कुणी पाच सोडून काही सांगितलं, आणि ते त्यांना कुठे लिहिता येईना.

मग सगळे आपापल्या कामाला गेले. मी खाटेचा कठडा धरून उभी राहिले. लाजेनं वर बघवत नव्हतं. “पापा, माझं चुकलं. बोलत राहीन म्हटलं होतं.”

“सिस्टर बाहेर येऊन तुला उठवणार होती,” पापा म्हणाले. “मी म्हटलं, तिला हात लावाल तर मी उठून जाईन.”

“अहो, पण का?”

ते वरच्या जाळीच्या खिडकीकडे बघत होते.

“तुझ्या आईला आत नेलं, तेव्हा मी असाच दाराबाहेर बसलो होतो. कान दाराला लावून. म्हटलं, निदान तिचा श्वास ऐकू येईल. काहीच आलं नाही. किती वेळ नुसती ती शांतता. आज तू बोलायची थांबलीस, आणि माझ्या छातीत धस्स झालं. म्हटलं, तुलाही मीच ते पाजलं! उठणारच होतो. डॉक्टरनं खांदे दाबून धरले. आणि मग तू घोरायला लागलीस. ते काय करत होते पायाला, मला ठाऊक नाही. मी तेच ऐकत होतो. एक श्वास आत गेला, एक बाहेर आला. मध्ये जरा थांबलीस, की माझाही थांबायचा.”

मी त्यांचा हात धरला. तळहातावरचे दोराचे घट्टे जसेच्या तसे होते.

“फार झोप येतेय गं आता,” पापा म्हणाले आणि डोळे मिटले. “आता तू ऐक.”

सिस्टरनं खाट वॉर्डात ढकलली. ओसोंडू ओरडला, “निळंच जिंकलं!” मास्तर काहीतरी उत्तर द्यायला निघाले होते, मी त्यांना बोट दाखवून गप्प केलं. पापा घोरायला लागले. मी स्टूल ओढून त्यांच्या तोंडाजवळ बसले, आणि ते उठेपर्यंत वॉर्डात कुणाला मोठ्यानं बोलू दिलं नाही.